मंद नजरेची नऊ कुटुंबं

आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. नजर एकीकडून दुसरीकडे गेली हे कळतं, पण ती जाताना काही केल्या दिसत नाही. शेजारी कुणी उभं असेल तर त्याला तुमची बुबुळं सरकन हललेली स्पष्ट दिसतात. ज्याचे डोळे, त्यालाच तेवढी ती हालचाल दिसत नाही, कारण नजर उडी मारते तेवढ्या अवधीपुरता मेंदू दृष्टी दाबून टाकतो. दर सेकंदाला हे सुमारे तीन वेळा चालतं. हे वाक्य वाचतानाही तुमची नजर ओळीवरून सलग सरकत नाहीये. ती उड्या घेत, थांबत, पुन्हा उडी घेत पुढे चालली आहे आणि मधल्या प्रत्येक उडीत तुम्ही जवळजवळ आंधळे आहात.

या उडीला शास्त्रात सॅकेड म्हणतात. मोठ्या उडीत बुबुळाचा वेग सेकंदाला 500 अंशांवर जातो. शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात, चेतापेशींचा एक लहानसा समूह आहे. या पेशी एरवी गप्प असतात आणि उडीच्या क्षणी सेकंदाला जवळजवळ हजारच्या गतीने संदेशांची सरबत्ती करतात. एवढा जोराचा धक्का मिळाल्याशिवाय बुबुळ या वेगाने हलूच शकत नाही.

आता ज्यांच्यात हा धक्काच उरलेला नाही, अशी माणसं डोळ्यांपुढे आणा. डॉक्टर दोन हातांची दोन बोटं समोर धरतात आणि सांगतात, "या बोटाकडे बघा, आता त्या बोटाकडे बघा." रुग्णाची नजर निघते आणि रमतगमत दुसऱ्या बोटापाशी पोहोचते. वाटेत ती दिसत राहते! काही रुग्ण नकळत युक्ती करतात: आधी मान झटकन वळवतात आणि डोळे मागून येतात. यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, दोन बोटं आणि थोडा धीर पुरतो.

1971 साली 'ब्रेन' या लंडनच्या नियतकालिकात मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया आणि आर. के. स्वामी यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा, तोल घालवणारा आणि डोळ्यांची हालचाल मंदावणारा एक नवा आनुवंशिक आजार त्यात मांडला होता. किती कुटुंबांच्या अभ्यासावर तो उभा आहे, हे शीर्षकातच कंसात दिलं होतं: नऊ कुटुंबं.

वाडियांचा काळ 1925 ते 2016. पन्नासच्या दशकात ते विलायतेतून शिकून परतले आणि भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात व ग्रँट मेडिकल कॉलेजात न्यूरॉलॉजीचा विभाग त्यांनी उभा केला. पुढे ते जसलोक रुग्णालयात होते. 2012 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. एवढी ओळख पुरे, कारण मला त्यांचं चरित्र सांगायचं नाही. त्यांच्या छापील कामाचं पुढे काय झालं, ते सांगायचं आहे. आज कुठल्याही संशोधकाची ओळख आकड्यांनी करून देतात: निबंध किती, सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांतले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती. बढतीसाठी, अनुदानासाठी, पुरस्कारासाठी हेच विचारलं जातं. मेंदूकडे इतक्या बारकाईने बघणाऱ्या माणसाच्या कामाकडे ही मोजपट्टी कशी बघते, याची मला फार उत्सुकता होती. आणि शोधत गेल्यावर थक्क व्हायला झालं ते बेरजेमुळे नव्हे, मागामुळे. एका निबंधाचा उल्लेख कुणी, कधी आणि कशासाठी केला, याचा माग काढत गेलं की एक विलक्षण गोष्ट उलगडते. नुसती बेरीज केली की ती पुसून जाते.

हा माग काढण्याची सोयसुद्धा तशी नवीच आहे. निबंधाच्या शेवटी आधीच्या कामांची यादी देण्याची प्रथा जुनी. त्या यादीवरून मागे जाता येतं, भूतकाळात. पण पुढे कसं जायचं? 1971 च्या निबंधाचा आधार 1985 साली कुणी घेतला, हे 1971 चा अंक कितीही उलटला तरी कळणार नाही. ही अडचण फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी सोडवली. त्यांना वाट दाखवली ती वकिलांनी. अमेरिकेत 1873 पासून फ्रँक शेपर्ड यांची एक सूची वकील वापरत होते: अमुक निकाल पुढच्या कोणत्या खटल्यांत मान्य झाला, कोणत्या खटल्यात फिरवला गेला, हे त्यात मिळे. हीच पद्धत विज्ञानाला लावावी असा विचार गारफिल्ड यांनी 1955 साली 'सायन्स'मध्ये मांडला आणि 1963 साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चे पहिले पाच खंड छापून काढले. 1961 या एका वर्षाची 613 नियतकालिकं आणि त्यांतले 14 लाख उल्लेख त्यात होते. पहिल्यांदाच एखाद्या निबंधाचं भविष्य चाळता येऊ लागलं.

या खंडांतली एक गोष्ट मात्र मला चुटपूट लावून जाते. उल्लेख झालेला निबंध तिथे फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली नोंदलेला असे. म्हणजे 1971 च्या त्या निबंधाचे सगळे उल्लेख 'वाडिया एन. एच.' या नावाखाली सापडणार. 'स्वामी' या नावाखाली शोधणाऱ्याला हा निबंध सापडणारच नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजला हा प्रकार नवा नव्हता म्हणा. 1858 साली लंडनमध्ये शरीररचनेचं एक पुस्तक निघालं, ते आजही जगभर 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' म्हणूनच ओळखलं जातं. त्यातली चित्रं काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, याच कॉलेजात शिकवू लागला, पुढे तिथला प्रमुख झाला. पुस्तक मात्र लेखक ग्रे यांचंच राहिलं. स्वामींच्या बाबतीत काळाने थोडी भरपाई केली आहे: आनुवंशिक आजारांच्या सूचींत या आजाराचं एक पर्यायी नाव आजही 'वाडिया-स्वामी सिंड्रोम' असं आढळतं.

तर, माग. 1971 मध्ये वाडियांचं म्हणणं असं होतं की हा वेगळा आजार आहे. तेव्हाच्या परिस्थितीत हे म्हणणं धाडसाचं होतं. पिढीजात तोल जाण्याच्या आजारांचा त्या काळी नुसता गुंता होता. माणूस तिशी-चाळिशीत पाय फाकवून चालायला लागतो, जीभ जड होते, पेला उचलताना हात डुगडुगतो, हळूहळू खाट धरतो. आई किंवा वडील तसेच गेलेले असतात, आणि प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. लक्षणं मात्र घराघरात वेगळी, कधी एकाच घरातल्या दोन भावांत वेगळी. नावं डझनभर, सीमा कुठलीच पक्की नाही. लंडनच्या अनिता हार्डिंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या गुंत्याची एक स्वच्छ वर्गवारी केली. 42 व्या वर्षी त्या गेल्या, तरी त्यांची ती वर्गवारी पुढे कित्येक वर्षं जगभर चालली. तीत डोळ्यांच्या, चेतांच्या, हालचालीच्या इतर तक्रारी असलेली घराणी एका मोठ्या पहिल्या गटात गेली. वर्गवारी उपयोगाची होती, पण त्या मोठ्या गटात मंद नजरेची घराणी इतरांत मिसळून गेली. डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणेपलीकडे पुरावा म्हणून देण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं.

पुरावा आला क्युबाहून. त्या बेटाच्या पूर्वेला होल्गीन नावाचा प्रांत आहे. तोल घालवणाऱ्या या आजाराचं प्रमाण जगात सर्वांत जास्त तिथे आहे. तिथल्या घराण्यांच्या रक्तावरून 1993 साली आजाराचं मूळ बाराव्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं. 1996 साली लॉस एंजेलिस, जपानमधलं निगाता आणि फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग अशा तीन ठिकाणच्या गटांनी स्वतंत्रपणे जनुकच शोधून काढलं. एटीएक्सएन-2 हे त्याचं नाव आणि आजाराचं नाव स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया-2, म्हणजे एससीए-2. या जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं, छपाईयंत्र अडकून तोच ठसा पुन्हा पुन्हा उमटावा तशी, लागोपाठ येतात. बहुतेकांत हा ठसा 22 वेळा असतो. 33-34 च्या पुढे गेला की आजार होतो. जितका लांब, तितका आजार लवकर. आणि पुढच्या पिढीत जाताना हा ठसा लांबण्याकडे कल असतो, म्हणून बापाला चाळिशीत झालेलं दुखणं मुलाला पंचविशीत गाठतं.

1998 साली, पुन्हा 'ब्रेन'मध्येच, वाडिया आणि सहकाऱ्यांचा नवा निबंध आला. सहा भारतीय घराणी, जनुकाची तपासणी झालेली, सगळी एससीए-2 ची. शीर्षकात मंद सॅकेडचं निदानातलं महत्त्व स्पष्ट लिहिलेलं. 1971 साली ज्या खुणेवर बोट ठेवलं होतं, ती खूण आता एका जनुकाशी जोडली गेली. मंद नजर या जातीच्या इतर काही आजारांतही दिसते, हे खरं. पण इतक्या लवकर आणि इतकी ठळक ती एससीए-2 मध्येच. भारतातल्या रुग्णाला याचा अर्थ सरळ खिशाशी येऊन भिडतो: अशा आजारांची जनुकं डझनांनी आहेत, प्रत्येकाची चाचणी पैसे खाते, आणि दोन बोटांच्या तपासणीत नजर रेंगाळली तर पहिली चाचणी कुठली करायची हे डॉक्टरला कळतं.

1971 ते 1998. सत्तावीस वर्षं. आता ही मुदत मोजपट्टीशेजारी ठेवून बघा. नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' काढतात तो असा: आधीच्या दोन वर्षांत त्यात छापलेल्या निबंधांचा या वर्षी किती ठिकाणी उल्लेख झाला, भागिले त्या निबंधांची संख्या. दोन वर्षं! ग्रंथपालांना कुठलं नियतकालिक घ्यावं हे ठरवायला सोपं जावं म्हणून निघालेला हा आकडा पुढे माणसांनाच लावला जाऊ लागला. वाडियांनी मांडलेल्या आजाराचं जनुक सापडायला पंचवीस वर्षं लागली, आणि तोवर त्या निबंधाचा नुसता उल्लेखच करता येणार होता, तो तपासून बघण्याची सोय नव्हती. नेदरलँड्सचे संशोधक अँथनी व्हॅन रान यांनी 2004 साली अशा निबंधांचा अभ्यास केला, जे वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि मग अचानक त्यांचे उल्लेख धडाधड होऊ लागतात. परीकथेवरून त्यांनी त्यांना 'स्लीपिंग ब्यूटी' म्हटलं. जागं करणारा राजपुत्र एखादं नवं तंत्रही असू शकतं.

याच्या उलट टोकालाही एक गंमत आहे, तीही 1971 सालचीच. त्या वर्षी एडिंबरोच्या आर. सी. ओल्डफील्ड यांनी 'न्यूरोसायकॉलॉजिया'मध्ये माणूस डावखुरा की उजवा हे ठरवायची एक प्रश्नावली छापली. लिहिताना कुठला हात, चित्र काढताना, फेकताना, कात्री, दात घासायचा ब्रश, चमचा, काडी ओढताना, झाडू धरताना वरचा हात कुठला, डब्याचं झाकण कुठला हात उघडतो. असे दहा प्रश्न. मेंदूविज्ञानात सर्वाधिक उल्लेख झालेल्या निबंधांत तो मोडतो. उल्लेखांची संख्या कधीच हजारांच्या घरात गेली. कारण उघड आहे. मेंदूचं चित्रण करायचं तर सहभागी माणसं उजवी आहेत की डावी हे सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की तळाशी ओल्डफील्ड लिहावं लागतं. पुढे एमआरआय यंत्रं जगभर पसरली आणि प्रत्येक यंत्रामागून ओल्डफील्ड यांचा आकडा चढत गेला. त्यांचं काम चोखच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण साधन बनवणाऱ्याचा उल्लेख वापरणारा प्रत्येक जण करतो. रोग ओळखणाऱ्याचा उल्लेख त्याच रोगावर लिहिणारे मूठभर लोक करतात, आणि एससीए-2 हा विरळा आजार आहे. त्याच वर्षीच्या या दोन निबंधांची एकाच आकड्याने तुलना केली तर डब्याचं झाकण नऊ कुटुंबांना सहज हरवतं.

आणि साधनांचेसुद्धा सगळे उपयोग कुठे मोजले जातात? ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 साली 'लॅन्सेट'मध्ये बेशुद्धीची खोली मोजायची रीत दिली. आज कुठल्याही अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहा, "जीसीएस किती आहे?" हा प्रश्न कानावर पडतोच. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त 4, बोलण्याला 5, हालचालीला 6, एकूण 15. रात्रपाळीची नर्स दर तासाला केसपेपरवर ते आकडे लिहिते. खाली टीसडेल-जेनेट असं लिहीत नाही, आणि लिहिण्याचं कारणही नाही. सायटेशन म्हणजे एका निबंधाने दुसऱ्या निबंधाला दिलेली दाद. कागदावरून कागदावर जे जातं तेवढंच त्यात धरतात. कागदावरून खाटेपाशी जे जातं ते कुठल्याच खात्यात पडत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याच्याही पुढची पायरी दाखवली होती: एखादी कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिचा जनक सांगणंच लोक सोडून देतात. पार्किन्सन्सवर दर वर्षी ढिगाने निबंध निघतात. जेम्स पार्किन्सन यांची 1817 सालची पुस्तिका त्यांतल्या फारच थोड्यांच्या यादीत असते. माणूस आजाराच्या नावात जाऊन बसला, आता पुन्हा तळटीप कशाला?

वाडियांच्या प्रकाशनांच्या यादीतलं दुसरं एक काम मला मंद नजरेइतकंच भारावून टाकतं. तिथेही डोळेच आहेत, हा निव्वळ योगायोग.

1969 साली घानात डोळे येण्याची एक नवी साथ सुरू झाली. तेव्हाच माणूस चंद्रावर उतरत होता, म्हणून तिथे लोक तिला 'अपोलो' म्हणू लागले. साथ आफ्रिकेतून आशियात आली. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या धामधुमीत कोलकात्याकडे तिचं नाव पडलं 'जय बांगला'. त्याच वर्षी ती मुंबईत पसरली. एका दिवसात डोळे लालभडक, पांढऱ्या भागात रक्त साकळलेलं, आणि आठवड्याभरात सगळं साफ. लोक विसरूनही गेले.

मग न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात विचित्र रुग्ण येऊ लागले. धडधाकट, मोठ्या वयाची माणसं. आधी कंबरेत, पायांत सणसणीत कळा, मग एक किंवा दोन्ही पाय लुळे. तपासावं तर पोलिओच. पण पोलिओ प्रामुख्याने लहान मुलांचा आजार, मग हे कुठून आलं? प्रत्येकाला खोदून विचारल्यावर एक समान धागा मिळाला: दोन-तीन आठवड्यांपूर्वी डोळे आले होते. 1972 आणि 1973 साली वाडिया आणि त्यांचे सहकारी पी. एफ. इराणी व एस. एम. कटराक यांनी 'लॅन्सेट'मध्ये हा संबंध जगापुढे मांडला. डोळ्यांची ती साथ आणणारा विषाणू एंटेरोव्हायरस-70, पोलिओच्याच गोतावळ्यातला. 1981 मध्ये मुंबईत पुन्हा साथ आली, पुन्हा तसेच लुळे पाय दिसले, आणि तेव्हाच्या रुग्णांवरचा, रक्तचाचण्यांसह केलेला अभ्यास 1983 साली प्रसिद्ध झाला.

डोळे येणं आणि पाय जाणं, यांच्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर आणि दोन वेगळे डॉक्टर. डोळ्यांचा डॉक्टर रुग्ण बरा झाला म्हणून निर्धास्त, न्यूरॉलॉजिस्टला डोळ्यांशी कर्तव्य नाही. मधली रिकामी जागा कुणीतरी प्रश्न विचारून भरली. या कामाच्या सायटेशनचं पुढे काय झालं असेल? सत्तरच्या, ऐंशीच्या दशकांत ते जगभर वाचलं गेलं. नंतर या विषाणूच्या साथी विरळ झाल्या. डोळ्यांच्या नंतरच्या मोठ्या साथींत बहुधा दुसराच विषाणू सापडू लागला. रोग मागे हटला की त्यावर लिहिणारे हटतात, आणि लिहिणारे हटले की उल्लेख आटतात. निबंध तितकाच अचूक असतो. त्याचा आकडा थांबला, कारण लोकांचे पाय शाबूत राहिले. एखाद्या वैद्यकीय निबंधाच्या बाबतीत याहून चांगली बातमी कुठली, पण मोजपट्टीवर ती घसरण म्हणून उमटते.

एच-इंडेक्सबद्दल दोन वाक्यांत सांगतो, कारण त्यात दोनच वाक्यांचा मजकूर आहे. कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी 2005 साली सुचवलं की ज्याच्या 20 निबंधांचा प्रत्येकी निदान 20 वेळा उल्लेख झाला त्याचा एच 20 धरावा. एकविसाव्या निबंधाचे 21 उल्लेख होईपर्यंत तो हलत नाही, आणि एकाच निबंधाचे दहा हजार उल्लेख झाले तरीही हलत नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी विद्यार्थी, संध्याकाळी पुन्हा रुग्ण आणि मधूनच वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून एखादा निबंध, अशा डॉक्टरला ही पट्टी कशी लागू पडावी? ती प्रयोगशाळेच्या तालावर कापलेली आहे.

पुन्हा मंद नजरेकडे. 2004 साली क्युबाचे लुईस वेलास्केस-पेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एससीए-2 च्या रुग्णांच्या सॅकेडचा वेग यंत्राने मोजला आणि तो जनुकातल्या ठशांच्या संख्येशी पडताळला. ठसे जितके जास्त, तितकी नजर मंद. असं मेळ बसणारं नातं जीवशास्त्रात क्वचित बघायला मिळतं. माणसाच्या प्रत्येक पेशीत, बाराव्या गुणसूत्रावर, तीन अक्षरं किती वेळा गिरवली गेली आहेत, याचा अंदाज त्याची नजर एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जायला किती वेळ घेते यावरून येऊ शकतो! पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की ज्यांचा तोल अजून शाबूत आहे, पण जनुकात दोष आहे, अशा लोकांची नजर आजार दिसण्याआधीच मंदावू लागलेली असते. खूण आजाराच्याही आधी येते. म्हणून एखादं औषध लागू पडतंय का, हे पाहण्यासाठी सॅकेडचा वेग हे मापच वापरावं, अशी कल्पना पुढे आली.

त्यानंतरचं वळण कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. 2010 साली अमेरिकेतल्या आरन गिटलर यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं की एटीएक्सएन-2 मधला ठसा 27 ते 33 वेळा आला, म्हणजे नेहमीपेक्षा लांब पण एससीए-2 होण्याइतका नाही, तर एएलएस या आजाराचा धोका वाढतो. एएलएसच्या 915 रुग्णांपैकी 4.7 टक्क्यांत असा मधला ठसा सापडला, 980 निरोगी माणसांपैकी 1.4 टक्क्यांत. स्टीफन हॉकिंग यांना झालेला आजार तो हाच. 2017 साली एएलएससारखा आजार असलेल्या उंदरांमध्ये या जनुकाचं काम मंदावल्यावर ते जास्त जगले. त्या आधारावर माणसांमध्ये घेतलेल्या पहिल्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही आणि ती थांबली.

इथे उल्लेखांची साखळी अशा आजाराच्या साहित्यात शिरते, ज्याच्याशी वाडियांच्या त्या नऊ कुटुंबांचा काही संबंध आहे असं 1971 साली कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यातही एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. एएलएसमध्ये हात जातात, पाय जातात, जीभ जाते, गिळणं जातं, श्वास जातो, पण डोळ्यांची हालचाल बहुतेकांत शेवटपर्यंत टिकते. सगळं शरीर निकामी झालेले रुग्ण नजरेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या संगणकाने अक्षर अक्षर निवडून बोलतात. ज्या जनुकाची खूण रेंगाळणाऱ्या डोळ्यांत दिसते, तेच जनुक डोळे तेवढे सोडणाऱ्या आजारातही सामील आहे. एकाच प्रथिनाची लांबी थोडी बदलली की एका आजारात पॉन्समधल्या पेशी आधी का मरतात आणि दुसऱ्यात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी का जातात, यावर सध्या काम चालू आहे, आणि त्या निबंधांच्या शेवटच्या याद्या फार लांबलचक आहेत.